पहिलं आरसी ट्रेनर विमान घ्यायचंय? मग सर जॉर्ज केली यांची गोष्ट वाचा

रिमोटवर उडणारं पहिलं विमान कुठलं घेऊ, असं विचारणाऱ्या दहापैकी नऊ जणांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. इंजिन कुठलं? ४० साइजचं घेऊ की ४६? मोटर किती वॅटची? बॅटरी तीन सेलची की चार? शेपूट किती लांब आहे, पंख वर बसवलाय की खाली, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मोबाइल घेताना प्रोसेसर आधी बघायची सवय लागलीय ना, त्याचाच हा परिणाम.

याचं उत्तर मी थेट मॉडेलचं नाव सांगून देऊ शकतो. पण ते मॉडेल सहा महिन्यांत दुकानातून गायब होतं आणि तुम्ही परत तिथेच येता. म्हणून आज एका माणसाची गोष्ट सांगतो. या माणसाकडे आयुष्यभर इंजिन नव्हतं, तरी विमान कसं असावं हे त्यांनी राइट बंधूंच्या शंभर वर्षं आधी कागदावर मांडून ठेवलं होतं. आज दुकानात दिसणारं कुठलंही ट्रेनर विमान उचला, त्यात त्यांची छाप सापडेल.

नाव सर जॉर्ज केली. (मराठीत लिहिताना हे आडनाव क्रियापदात मिसळून जातं, म्हणून मी इथे केलीसाहेब म्हणणार आहे.)

जमीनदाराचा मुलगा

जन्म २७ डिसेंबर १७७३, इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातल्या स्कारबरो या गावी. घर जमीनदाराचं. साहेब नऊ वर्षांचे असताना, म्हणजे १७८३ मध्ये, फ्रान्समध्ये मॉन्गॉल्फिए बंधूंचा गरम हवेचा फुगा उडाला आणि माणूस पहिल्यांदा आकाशात गेला. त्या काळी ही बातमी म्हणजे केवढी मोठी गोष्ट असेल, विचार करा. त्या वयाच्या पोराच्या डोक्यात ती घुसून बसली तर नवल नाही.

१७९२ मध्ये वडील वारले आणि अठराव्या वर्षी ब्रॉम्प्टन गावची सगळी इस्टेट, कुळं आणि सर ही पदवी, हे सगळं अंगावर आलं. जॉर्ज वॉकर नावाच्या विद्वान गृहस्थांकडे ते शिकले आणि १७९५ मध्ये त्यांच्याच मुलीशी, सारा हिच्याशी, लग्न केलं. पैशाची ददात नव्हती, हे खरंच. पण तो पैसा त्यांनी शिकार आणि पत्त्यांत घालवला नाही.

१७९६ मध्ये त्यांनी एक खेळणं बनवलं. एका काडीच्या दोन्ही टोकांना बूच, प्रत्येक बुचात चार पिसं खोचलेली, आणि मध्ये दोरी गुंडाळलेलं छोटं धनुष्य. सोडलं की दोन्ही टोकांचे पंखे उलटसुलट फिरायचे आणि खेळणं वर उडायचं. कल्पना त्यांची नव्हती. लॉनॉय आणि बिअँव्हन्यू या दोन फ्रेंच माणसांनी १७८४ मध्ये असं खेळणं दाखवलं होतं. साहेबांनी ते स्वतःच्या हाताने बनवून, उडवून बघितलं. हवेबद्दलचे प्रश्न छोट्या मॉडेलला विचारायचे आणि उत्तर मिळालं की मग मोठं काहीतरी करायचं, ही सवय तेव्हापासून लागली ती शेवटपर्यंत टिकली.

चांदीच्या चकतीवरचं विमान

तोपर्यंत उडायचं म्हणजे काय, तर पक्ष्यासारखे पंख बांधायचे आणि फडफडवायचे, एवढीच लोकांची समज होती. पक्ष्याचा पंख एकाच वेळी दोन कामं करतो. तो पक्ष्याला वर धरतो आणि पुढेही ढकलतो. माणूस ही दोन्ही कामं हाताच्या ताकदीवर करायला जायचा आणि तोंडावर आपटायचा.

१७९९ मध्ये केलीसाहेबांनी एका छोट्या चांदीच्या चकतीवर दोन चित्रं कोरून घेतली. एका बाजूला वाऱ्यात तिरक्या धरलेल्या पंखावर कुठले जोर लागतात त्याची आकृती. पंखाला वर उचलणारा जोर वेगळा, मागे ओढणारा वेगळा. आजच्या भाषेत लिफ्ट आणि ड्रॅग. दुसऱ्या बाजूला यंत्राचं चित्र: एका जागी पक्का बसवलेला पंख, मागे अधिक चिन्हासारखी शेपटी, खाली नावेसारखा भाग आणि पुढे ढकलायला वल्ह्यासारखी वेगळी यंत्रणा.

यात मोठं काय, तर साहेबांनी कामांची वाटणी केली. वर धरून ठेवणं हे पंखाचं काम, पुढे ढकलणं हे इंजिनाचं आणि दिशा सांभाळणं हे शेपटीचं. तिन्ही वेगवेगळे भाग, तिन्हींचा वेगळा विचार. आज हे इतकं साधं वाटतं की यात शोध काय लागला असा प्रश्न पडेल. पण ही वाटणी झाली म्हणून तर इंजिन नसतानाही विमानाचा अभ्यास करता आला. इंजिन येईल तेव्हा येईल, तोवर पंख आणि शेपटी तर ठीक करून ठेवू.

आणि आता तुमच्या खरेदीकडे बघा. तुम्ही या वाटणीतल्या दुसऱ्या कामाबद्दल आधी विचारताय. नवशिक्याचं विमान पडतं ते बहुतेक वेळा ताकद कमी पडली म्हणून नाही, तर विमान स्वतःला सांभाळत नाही आणि चालवणाऱ्यालाही अजून सांभाळता येत नाही म्हणून.

जिन्यातला प्रयोग आणि पतंगाचं विमान

१८०४ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी साहेबांनी एक फिरता दांडा तयार केला. दांड्याच्या टोकाला छोटा पंख, आणि दोरीला बांधलेलं वजन घराच्या जिन्याच्या मोकळ्या जागेतून खाली सोडलं की दांडा गरगर फिरायचा. पंख कुठल्या कोनात धरला की किती वजन उचलतो, हे ते मोजायचे. विंड टनेल तेव्हा नव्हताच. जिनाच त्यांची प्रयोगशाळा. घरातल्या बाकीच्यांना याचा किती त्रास झाला असेल, ते वेगळं.

त्याच वर्षी त्यांनी साधारण पाच फूट लांबीचं एक मॉडेल बनवलं. एका काठीवर कागदी पतंग सहा अंशांच्या कोनात बसवलेला. हा झाला पंख. मागच्या टोकाला आडव्या-उभ्या पात्यांची शेपटी, हवी तशी वळवून ठेवता येणारी. आणि पुढे एक वजन, मागेपुढे सरकवता येणारं. टेकडीवरून सोडलं की हे मॉडेल शांतपणे तरंगत खाली यायचं. आजच्या आकाराचं, म्हणजे पुढे पंख आणि मागे शेपटी असलेलं, उडणारं पहिलं विमान म्हणून याच मॉडेलचं नाव घेतात.

या मॉडेलवर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण ट्रेनर निवडायचं सगळं गणित इथेच आहे.

आधी ते सरकणारं वजन. विमान कुठल्या बिंदूवर तोललं जातं, त्याला आपण सीजी म्हणतो, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी. ट्रेनरमध्ये हा बिंदू साधारणपणे पंखाच्या रुंदीच्या पुढच्या पाव ते एक तृतीयांश भागात येतो. नेमका कुठे, ते किटच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. दोन बोटांवर पंख तोलून बघायचा. नाक किंचित खाली झुकलं तर चालेल, शेपटी झुकली तर उडवायचंच नाही. शेपटीजड विमान क्षणात नाक वर काढतं, वेग गमावतं आणि दगडासारखं खाली येतं. आपल्याकडे साहेबांच्या वजनाचं काम बॅटरी करते. ती पुढे-मागे सरकवून तोल साधायचा. म्हणून बॅटरीची जागा ऐसपैस असलेलं विमान बघा, तोल साधायला शिसं चिकटवत बसावं लागणार नाही.

मग शेपटी. पंखापासून शेपटी जितकी लांब आणि तिचं पातं जितकं मोठं, तितकं विमान आपली दिशा धरून राहतं. लढाऊ विमानासारखं आखूड, देखणं मॉडेल बघून तुमचं मन हलेल. हलू देऊ नका. ट्रेनर दिसायला थोडं गबाळंच असतं, जुन्या एसटीसारखं. कामाला मात्र पक्कं.

पंखांचा व्ही आणि एक अर्धी बातमी

पुढची चार-पाच वर्षं साहेब मोठं करत गेले. पक्ष्यांचं वजन, पंखांचं क्षेत्रफळ आणि वेग यांची गणितं मांडली. हवेत कमीत कमी अडथळा करणारा आकार कुठला, यासाठी ट्राउट माशाच्या शरीराची मापं घेतली. १८०८ च्या सुमारास हलक्या गाड्यासाठी तारा ताणलेलं चाक सुचवलं. पुढे सायकलच्या चाकात दिसली ती हीच कल्पना. आणि ३०० चौरस फूट पंखांचं एक मोठं यंत्र बांधलं. ते वाऱ्यावर तरंगत तिरकं खाली यायचं, रडर वळवू तिकडे वळायचं. इतकं झालं, आणि पुढे ढकलणारी यंत्रणा लावून बघायच्या आधीच ते अपघाताने मोडलं.

पण मला यातलं वाईटापेक्षा चांगलंच जास्त दिसतं. यंत्र मोडलं तरी पंख, शेपटी आणि तोल हे तीन प्रश्न सुटले होते. आधी इंजिन लावून मग हे शोधायला गेले असते तर काय कारणाने पडलं हेच कळलं नसतं.

१८०९ मध्ये बातमी आली की व्हिएन्नात याकोब डेगेन नावाच्या घड्याळजीने पंख फडफडवून उड्डाण केलं. साहेबांनी आपली टिपणं घाईने बाहेर काढली आणि निकल्सन यांच्या मासिकात हवेतल्या प्रवासावर तीन भागांचा लेख लिहिला, १८०९ आणि १८१० मध्ये. गंमत अशी, की डेगेनच्या पंखांवर हायड्रोजनचा फुगा बांधलेला होता आणि बातमीत तेवढंच राहून गेलं होतं! अर्धी बातमी फॉरवर्ड होण्याचा रोग व्हॉट्सअ‍ॅपच्या बराच आधीचा आहे. पण त्या अर्ध्या बातमीने जगाला विमानशास्त्राचा पहिला खरा लेख मिळवून दिला.

त्या लेखात एक गोष्ट होती जी तुम्ही दुकानात डोळ्यांनी बघू शकता. दोन्ही पंख किंचित वर उचललेले, समोरून बघितलं तर पसरट व्ही दिसेल असे. याला डायहेड्रल म्हणतात. वाऱ्याने विमान एका बाजूला झुकलं की ते त्या बाजूला घसरायला लागतं आणि खालच्या पंखाला हवा जास्त कोनात भेटते. त्या पंखाची लिफ्ट वाढते आणि विमान परत सरळ होतं, तुम्ही काठीला हात न लावता. नवशिक्या घाबरला की त्याला सांगतात, काठ्या सोडून दे. ते या व्हीच्या भरवशावरच.

तेव्हा बॉक्सवरचं चित्र समोरून बघा. पंख धडाच्या वर बसवलेला आहे का, म्हणजे हाय विंग? वजन खाली लटकतं, विमान स्थिर राहतं. पंखात व्ही आहे का? पंखाचा खालचा भाग जवळजवळ सपाट आहे का? असा पंख हळू वेगातही उचलून धरतो. आणि एकूण वजन पंखाच्या मानाने किती? दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर एवढ्या पंखावर पन्नासेक ग्रॅम किंवा त्याहून कमी भार येत असेल तर विमान निवांत उडतं. भार वाढला की वेग वाढवावा लागतो, आणि वेग वाढला की तुम्हाला विचार करायला वेळ उरत नाही.

इंजिन मिळेना

आता इंजिनाकडे. साहेबांच्या काळी इंजिन म्हणजे वाफेचं. बॉयलर, पाणी, कोळसा. ते विमानात ठेवायचं म्हणजे पतंगाला जातं बांधण्यासारखं. त्यांनी हिशोब केला आणि वाफेचं यंत्र फार जड पडतं हे ओळखलं. मग वेगळे रस्ते शोधले. १८०७ मध्ये गरम हवेवर चालणाऱ्या इंजिनाचं वर्णन छापलं. बंदुकीची दारू स्फोट करून पिस्टन ढकलायचा प्रयत्न केला. ज्वालाग्राही वायू सिलिंडरमध्ये पेटवून ताकद काढता येईल, असंही लिहून ठेवलं. म्हणजे आपल्या बाइकमध्ये असतं त्याच जातीच्या इंजिनापर्यंत त्यांचं डोकं पोचलं होतं. हात पोचले नाहीत. गरम हवेच्या इंजिनावर पुढे कित्येक वर्षं काम चाललं, पण उडण्याइतकं हलकं आणि ताकदवान काही मिळालं नाही.

आकडा सांगतो म्हणजे अंदाज येईल. राइट बंधूंनी १९०३ मध्ये जे इंजिन वापरलं ते साधारण १२ हॉर्सपॉवरचं आणि ८० किलोच्या आसपास होतं. तुमच्या ट्रेनरवर बसणारं ४६ साइजचं ग्लो इंजिन सायलेन्सर धरून साधारण अर्ध्या किलोचं, आणि एक हॉर्सपॉवरच्या वर ताकद देतं. केलीसाहेबांनी ते हातात धरलं असतं तर रडले असते.

हे ४० आणि ४६ म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. घन इंचाचे शंभरावे भाग. ४० म्हणजे सुमारे साडेसहा सीसी, ४६ म्हणजे साडेसात सीसी. दीडेक मीटर पंखाच्या आणि अडीच किलोच्या आसपासच्या बाल्सा लाकडाच्या ट्रेनरला हे टू-स्ट्रोक इंजिन बसतं. इंधन पेट्रोल नाही. मिथेनॉल, त्यात तेल आणि थोडं नायट्रोमिथेन. स्पार्क प्लगच्या जागी ग्लो प्लग, तो सुरुवातीला बॅटरीने तापवायचा, मग इंजिन चालू असेपर्यंत तो स्वतःच तापलेला राहतो. नवीन इंजिन आधी जमिनीवर पक्कं बांधून, इंधन जास्त सोडून, काही टाक्या चालवून रुळवावं लागतं. आवाज, धूर आणि विमानभर तेल. मिथेनॉल विषारी आहे, ते वेगळंच. आणि पंखा बोटाने फिरवून इंजिन चालू करणारे जुने लोक बघून तसं करू नका. जाड लाकडी दांडी वापरा नाहीतर स्टार्टर. हे पंखे बोटं तोडतात.

माझं मत विचाराल तर आज सुरुवात करणाऱ्या बहुतेकांनी इलेक्ट्रिकच घ्यावं. ब्रशलेस मोटर, लिपो बॅटरी, आणि फोमचं, एक ते दीड मीटर पंखाचं, हाय विंग विमान. पडलं तर चिकटवता येतं. ट्यूनिंगची कटकट नाही. ताकद किती? विमानाच्या प्रत्येक किलोमागे दीडशे वॅट असले तरी ट्रेनर छान उडतं. दोनशे भरपूर झाले. त्यापुढचं घेतलं की थ्रॉटल वाढवताच नाक वर, मग घाबरून काठी पुढे, मग नाक खाली, आणि पुढचं तुम्हाला माहितीय. लिपो मात्र फुगली तर वापरायची नाही आणि चार्ज करताना समोरून उठायचं नाही.

ग्लोचा एक अपवाद आहे. जवळ मैदान असेल, शिकवणारं कुणी असेल आणि तुम्हाला इंजिनाचीच आवड असेल तर खुशाल ४० साइजचं बाल्सा ट्रेनर घ्या. यूट्यूब बघून एकट्याने ग्लो शिकायचा विचार असेल तर नको.

वजनाने घेतलेला बळी

साहेबांच्या त्याच लेखात पॅराशूटबद्दलही लिहिलं होतं. उलट्या छत्रीसारखा, म्हणजे टोक खाली असलेल्या शंकूचा आकार हवेत कमी हेलकावे खाईल, असा विचार. रॉबर्ट कॉकिंग नावाच्या चित्रकाराने तो मनावर घेतला आणि १८३७ मध्ये, वयाच्या साठीत, तसं पॅराशूट बनवून लंडनमध्ये फुग्याखाली लटकून वर गेला. आकार स्थिर राहण्याचा होता हे खरं. पण पॅराशूट शंभर किलोहून जड आणि सांगाडा कमजोर. सोडल्यावर ते हवेतच मोडलं आणि कॉकिंग गेला.

किटमध्ये चार-पाच जागी जास्तीचं लाकूड चिकटवून विमान मजबूत केलं असं सांगणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो. वजन वाढवलं म्हणजे मजबुती वाढली असं नाही. त्यातही शेपटीकडे जास्तीचा फेविकॉल, ही तर सीजीची वाटच.

मधल्या काळात साहेब काय काय करत होते याची यादी मोठी आहे. १८२५ मध्ये पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीचं पेटंट, म्हणजे जेसीबीच्या पोकलेनला असतात तसले पट्टे. १८३२ मध्ये स्कारबरोचे खासदार. १८३८ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर पॉलिटेक्निक सुरू करण्यात मोठा वाटा. हात गमावलेल्यांसाठी कृत्रिम हात. हे सगळं करताना विमान डोक्यातून गेलं नाही.

दरीवरून उडालेला कोचमन

१८४९ मध्ये, पंचाहत्तरीत, त्यांनी तीन मजली पंखांचं ग्लायडर बांधलं आणि दहाएक वर्षांच्या एका मुलाला त्यात बसवून टेकडीच्या उतारावरून सोडलं. मुलगा काही यार्ड जमिनीवरून उचलला गेला. १८५२ मध्ये मेकॅनिक्स मॅगझिनमध्ये त्यांनी माणूस नेणाऱ्या ग्लायडरचं वर्णन छापलं: वर पतंगासारखा पंख, खाली चाकांवरची नाव, मागे शेपटी आणि बसणाऱ्याच्या हातात ती वळवायचा दांडा.

१८५३ मध्ये ब्रॉम्प्टनच्या दरीत खरं उड्डाण झालं. साहेब ऐंशीला टेकले होते, स्वतः बसणं शक्य नव्हतं. बसवलं कुणाला, तर घोडागाडी हाकणाऱ्या कोचमनला. विमान दरी ओलांडून पलीकडे गेलं आणि धाडकन उतरलं. ही हकीकत साहेबांच्या नातीने पुढे सांगितली. लहानपणी तिने ते डोळ्यांनी बघितलं होतं. तिच्या सांगण्यानुसार कोचमन धडपडत बाहेर आला आणि त्याने तिथल्या तिथे नोकरी सोडतो म्हणून सांगितलं. आपल्याला गाडी हाकायला ठेवलंय, उडायला नाही, असं त्याचं म्हणणं.

लोक हा किस्सा हसत हसत सांगतात. मला पूर्ण हसू येत नाही. नोकराला मालकाने बस म्हटलं तर तो नाही कसा म्हणणार? त्याला एक दिवसाचंही शिक्षण नव्हतं. दांडा हातात दिला आणि ढकललं. विमान स्वतःहून स्थिर राहणारं होतं म्हणून तो जिवंत राहिला. पन्नास वर्षांची ती पंखाची, शेपटीची, व्हीची मेहनत त्या दिवशी एका गरीब माणसाच्या उपयोगी पडली.

तुमचं नशीब चांगलं आहे, तुम्हाला विमानात बसायचं नाहीये. तरी कोचमनसारखं थेट दरीत उडी मारू नका. आधी मोबाइल किंवा कॉम्प्युटरवर सिम्युलेटर. दहा-पंधरा तास पुरेत. विमान तुमच्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, त्याची सवय तिथेच करा, फुकटात. मग शिकवणारा असेल तर दोन ट्रान्समीटर जोडून उडवणं, म्हणजे चूक झाली की ताबा त्याच्याकडे. ट्रान्समीटर चांगला घ्या, किमान सहा चॅनेलचा. विमान बदललं तरी तो राहतो. पैसे कुठे घालायचे विचाराल तर इथे, मोटरमध्ये नाही. फोमचं हलकं विमान असेल तर मोटर न लावता उंच गवतावर वाऱ्याच्या दिशेने तोंड करून सरळ, हलकेच फेकून बघा. सपाट तरंगत गेलं म्हणजे तोल बरोबर. १८०४ मध्ये साहेबांनी टेकडीवर हेच केलं होतं. आणि जागा निवडताना ड्रोन नियम २०२१ नुसार ती ग्रीन झोनमध्ये येते का, ते सरकारी नकाशावर बघून घ्या. विमानतळाजवळ तर प्रश्नच नाही.

वहीची वाट

१५ डिसेंबर १८५७ रोजी साहेब ब्रॉम्प्टनलाच वारले. इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. त्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधू उडाले. त्यांनीही आधी काही वर्षं ग्लायडरवर घालवली आणि मगच इंजिन बसवलं. केलीसाहेबांचं ऋण त्यांनी मान्य केलं होतं.

१८०४ च्या प्रयोगांची टिपणं असलेली साहेबांची वही मात्र कपाटातच राहिली. ती छापून बाहेर आली १९३३ मध्ये. तोवर जगात प्रवासी विमानं रोज उडत होती. १९७३ मध्ये १८५२ च्या वर्णनावरून ग्लायडरची प्रतिकृती बांधली गेली आणि डेरेक पिगट या वैमानिकाने ती त्याच ब्रॉम्प्टनच्या दरीत उडवली. उडाली! प्रतिकृती यॉर्कशायर एअर म्युझियममध्ये बघायला मिळते, आणि चांदीची ती चकती लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. मोबाइलवर दोन्हींचे फोटो सहज सापडतील. चकतीच्या फोटोत पंख कुठे संपतो आणि शेपटी किती मागे आहे ते बघा, मग दुकानातल्या बॉक्सवरचं चित्र बघा.